बदलते तंत्रज्ञान आणि गुन्ह्याचा तपास: फोनपासून माणसापर्यंतचे अंतर

प्रश्न असा आहे की, जागोजागी कॅमेरे, प्रत्येकाच्या खिशात फोन, डीएनए चाचणी आणि आता चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली हाताशी असताना गुन्हे उघडकीस आणणे सोपे झाले आहे का, आणि अनुभवी तपास अधिकाऱ्याची गरज यापुढे कितपत उरेल. मी एकतीस वर्षे गुन्ह्यांचा तपास केला. त्यातली शेवटची बारा वर्षे प्रामुख्याने फोन, संगणक आणि कॅमेऱ्यांतून मिळणाऱ्या पुराव्यांवर गेली. त्या अनुभवावरून सांगतो की, संशयितापर्यंत पोहोचण्याचा वेळ अनेक प्रकरणांत खरोखरच कमी झाला आहे. मात्र तिथे पोहोचल्यानंतरचे काम वाढले आहे, आणि आजच्या बहुतेक गंभीर चुका याच दुसऱ्या टप्प्यावर होतात.

याचे कारण साधे आहे. अमुक माणसाने अमुक कृत्य केले, असे कोणतेही यंत्र सांगत नाही. ठसा एवढेच सांगतो की हे बोट या काचेला लागले होते. डीएनए सांगतो की या व्यक्तीच्या पेशी या कापडापर्यंत आल्या. फोनची नोंद सांगते की हे सिम या वेळी या टॉवरशी जोडलेले होते. बोट कधी लागले, पेशी कोणत्या वाटेने आल्या, फोन त्या वेळी कोणाच्या हातात होता, या प्रश्नांची उत्तरे यंत्राबाहेर शोधावी लागतात. तपासाचे कौशल्य या मधल्या अंतरात आहे.

बोटांच्या ठशांपासून सुरुवात करतो, कारण पुढच्या प्रत्येक साधनाचे गुणदोष तिथे आधीच दिसले होते. १८९२ साली अर्जेंटिनात, पोलीस अधिकारी हुआन वुसेटिच यांनी बसवलेल्या पद्धतीच्या आधारे, दारावरच्या रक्ताळलेल्या ठशावरून दोन मुलांच्या खुनाचा उलगडा झाला. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. तिथे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी दहा बोटांच्या ठशांची १,०२४ गटांत विभागणी करण्याची रीत घडवण्यात मोलाचा वाटा उचलला, आणि ती त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. त्या दोघांची नावे मी मुद्दाम लिहितो, कारण त्यांचे श्रेय त्यांना फार उशिरा मिळाले. या वर्गवारीमुळे अटक केलेल्या माणसाची जुनी नोंद सापडू लागली. पण घटनास्थळी मिळालेला एकच अर्धवट ठसा ठशांच्या लाखो नोंदपत्रकांमध्ये हाताने शोधणे जवळजवळ अशक्यच होते. आधी संशयित हवा, मग तुलना, असा क्रम होता. संगणकाने तो उलटवला. १९८५ साली लॉस एंजेलिसमध्ये चोरीच्या मोटारीत मिळालेल्या ठशावरून नव्याने बसवलेल्या संगणकप्रणालीने काही मिनिटांत रिचर्ड रामिरेझ या खुन्याचे नाव पुढे आणले. हाताने शोधायचे म्हटले असते तर त्या कामाला वर्षे लागली असती.

याच बदलाची दुसरी बाजू २००४ साली दिसली. माद्रिदमधील रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवर मिळालेल्या ठशाशी अमेरिकेतील एका वकिलाचा ठसा जुळतो, असे तेथील संघीय तपास यंत्रणेच्या अनुभवी तज्ज्ञांनी सांगितले आणि त्या माणसाला सुमारे दोन आठवडे कोठडीत ठेवले. स्पॅनिश पोलिसांना तो निष्कर्ष आधीपासूनच मान्य नव्हता. पुढे त्यांनी तो ठसा दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवून दिले आणि वकिलाची माफी मागितली गेली. हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे. संग्रह जितका मोठा, तितके त्यात योगायोगाने एकमेकांसारखे दिसणारे ठसे अधिक. संगणकाने दिलेली यादी म्हणजे संग्रहातील सर्वांत सारखे दिसणाऱ्यांची यादी असते, आणि खरा माणूस संग्रहात नसला तरी यादी रिकामी येत नाही. पहिल्या तज्ज्ञाने ‘जुळतो’ म्हटल्यावर पडताळणी करणाऱ्यांना ते मत माहीत होते, त्यामुळे त्यांनी नव्याने पाहण्याऐवजी दुजोरा दिला. म्हणून आज चांगल्या प्रयोगशाळांमध्ये दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचे मत न सांगता तपासणी करायला देतात.

डीएनएबाबत लोकांना एवढेच आठवते की त्याने गुन्हेगार पकडला जातो. त्याचा तपासातला पहिला मोठा उपयोग मात्र एका निर्दोष मुलाला सोडवण्यासाठी झाला. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक जेफ्रीज यांनी सप्टेंबर १९८४ मध्ये इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ही पद्धत शोधली. त्याच परगण्यात १९८३ आणि १९८६ साली दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते आणि सतरा वर्षांच्या एका मुलाने दुसऱ्या खुनाची कबुलीही दिली होती. चाचणीतून निघाले ते असे की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नव्हे. त्यानंतर पोलिसांनी आसपासच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांचे नमुने घेतले आणि एकही जुळला नाही. खरा गुन्हेगार कॉलिन पिचफोर्क याने आपल्या जागी एका सहकाऱ्याला नमुना द्यायला पाठवले होते. त्या सहकाऱ्याने दारूच्या गुत्त्यात बोलता बोलता ही गोष्ट सांगितली, ऐकणाऱ्या एका स्त्रीने ती पोलिसांना कळवली आणि सप्टेंबर १९८७ मध्ये अटक झाली. नव्या अधिकाऱ्यांना शिकवताना हे प्रकरण मी नेहमी सविस्तर सांगतो. विज्ञानाने खोटा कबुलीजबाब उघडा पाडला, जे त्या काळी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने साधले नसते. पण नमुना देणारा माणूस तोच आहे का, ही साधी पडताळणी कच्ची राहिली, आणि ती उणीव भरून निघाली एका जागरूक नागरिकामुळे.

चाचणी जसजशी सूक्ष्म झाली तसतसा धोक्याचा प्रकारही बदलला. सुरुवातीला नाण्याएवढा रक्ताचा डाग लागत असे. आता स्पर्शातून गळलेल्या मोजक्या पेशी पुरतात. २००७ साली जर्मनीतील हाइलब्रॉन येथे एका पोलीस कर्मचारी स्त्रीचा खून झाला आणि तिथे मिळालेला स्त्रीचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधील सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी आढळलेला निघाला. दोन वर्षे पोलीस त्या अज्ञात बाईच्या मागे होते. २००९ साली उलगडा झाला की नमुना घेण्यासाठी वापरलेल्या कापसाच्या काड्यांवरच तो डीएनए होता आणि तो त्या काड्या तयार करण्याच्या कामातील एका स्त्रीचा होता. काड्या निर्जंतुक होत्या, पण निर्जंतुक करण्याने जंतू मरतात, डीएनए नाहीसा होत नाही. २०१६ साली अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आले. मला या प्रकरणात सर्वांत जास्त खटकते ते हे की, किरकोळ घरफोडीपासून पोलिसाच्या खुनापर्यंत, कोणताही समान धागा नसलेल्या गुन्ह्यांत एकच बाई कशी, हा प्रश्न घटनास्थळे पाहिलेल्या अधिकाऱ्याला पडायला हवा होता. तो पडलाही असेल, पण अहवालासमोर तो मागे पडला.

आता फोन आणि कॅमेऱ्यांकडे येतो, कारण आजच्या तपासाचा बराचसा वेळ त्यांतच जातो.

सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागवल्या की ‘लोकेशन मिळाले’ असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात मिळतो तो टॉवरचा आणि त्याच्या एखाद्या बाजूचा क्रमांक. दाट वस्तीत एका टॉवरचा पल्ला काही शे मीटर असतो, मोकळ्या प्रदेशात तो कित्येक किलोमीटर भरतो. शिवाय फोन नेहमी सर्वांत जवळच्या टॉवरलाच जोडला जाईल असेही नाही. मधली इमारत, चढउतार, टॉवरवरचा ताण, यांमुळे तो दूरच्या टॉवरवर जातो. तरीही नकाशावर एक लाल ठिपका उमटतो आणि तो ठिपका पाहणाऱ्याच्या मनात माणूस उभा करतो. डेन्मार्कमध्ये २०१९ साली असे आढळले की कंपन्यांकडून आलेल्या कच्च्या नोंदींचे रूपांतर करणाऱ्या पोलिसांच्या संगणकप्रणालीतून काही नोंदी गळत होत्या, आणि काही ठिकाणी टॉवरची जागाही चुकीची दाखवली जात होती. तेथील अभियोग विभागाने दोन महिने अशा नोंदींचा न्यायालयातील वापर थांबवला आणि दहा हजारांहून अधिक जुनी प्रकरणे पुन्हा तपासायला घेतली. चूक कळल्यावर ती जाहीर करून काम थांबवणे हे धैर्याचे काम होते आणि मी त्याचा आदर करतो.

कॅमेऱ्याबाबतची चूक मी स्वतः जवळून पाहिली आहे. एका गोदामाच्या रखवालदारावर रात्री हल्ला झाला. जबर मार लागला असूनही त्याने मदतीसाठी फोन केला. नियंत्रण कक्षातील नोंदीप्रमाणे तो फोन ११ वाजून ५२ मिनिटांनी आला होता. गोदामाच्या मागच्या फाटकावरील कॅमेऱ्यात तिथे काम करणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा १२ वाजून ४ मिनिटांनी खाली मान घालून, घाईने बाहेर पडताना दिसत होता. त्याने जबाबात मात्र साडेअकराच्या आधीच निघालो, असे सांगितले होते. जबाब खोटा, फुटेज खरे, असे धरून आमच्या पथकाने त्याला ताब्यात घेतले. रागाच्या कारणासाठी फार शोधावे लागले नाही, कारण पगारावरून त्याची आणि रखवालदाराची बाचाबाची झाल्याचे दोघातिघांनी सांगितले.

चौथ्या दिवशी ते प्रकरण माझ्याकडे आले. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र, जप्त करताना त्याच्या पडद्यावरची वेळ आणि खरी वेळ यांची तुलना पंचनाम्यात लिहिलेलीच नव्हती. यंत्राची वायर काढून ते सील करून आणले होते. मी फुटेज बाराच्या आसपास न थांबता पुढे पाहत गेलो. १२ वाजून ४० मिनिटांनी आमचीच गाडी फाटकातून आत येताना दिसली. गाडीच्या जीपीएस नोंदीप्रमाणे ती तिथे पोहोचली होती १२ वाजून ३ मिनिटांनी. म्हणजे डीव्हीआरचे घड्याळ सदतीस मिनिटे पुढे होते, आणि तो मुलगा ११ वाजून २७ मिनिटांनी, हल्ल्याच्या बऱ्याच आधी, निघून गेला होता. त्याचा शब्द न् शब्द खरा होता. गाडी आत येतानाचा तो प्रसंग आमच्यापैकी दोघांनी आधी पाहिला होता, पण त्यांचे लक्ष मुलावर होते, कोपऱ्यातल्या आकड्यांवर नव्हते. त्याला सोडताना मी त्याची माफी मागितली. त्याची आई बाहेर बाकावर बसून होती आणि तिने मला एकच विचारले की, हे चार दिवसांपूर्वी का पाहिले नाही. तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

सदतीस मिनिटांचा फरक असाधारण नाही. वीज गेल्यावर, आतली बॅटरी संपल्यावर किंवा बसवतानाच चुकीची वेळ भरल्यामुळे अशी घड्याळे मागेपुढे होतात आणि वर्षानुवर्षे कोणी ती लावत नाही. म्हणून यंत्र बंद करण्याआधी, अचूक वेळ दाखवणारा फोन पडद्याशेजारी धरून दोन्ही वेळा एकाच छायाचित्रात घ्यायच्या आणि फरक सेकंदांसह पंचनाम्यात लिहायचा, हा नियम मी त्यानंतर कधीही सैल होऊ दिला नाही. आणखी एक गोष्ट तितकीच निकडीची असते. हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चित्रण होत जाते. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. संशयित सापडेपर्यंत फुटेज मागवायचे थांबलेल्या अधिकाऱ्याला बहुधा ते मिळत नाही.

फोन जप्त करतानाही पहिल्या पाच मिनिटांतच पुष्कळ काही ठरते. चालू आणि अनलॉक असलेला फोन सवयीने बंद केला, तर पुन्हा सुरू झाल्यावर पासकोड दिल्याशिवाय त्यातील माहिती सांकेतिक स्वरूपातच राहते आणि ती काढण्याचे बरेचसे मार्ग बंद होतात. उलट तो नेटवर्कवर तसाच राहू दिला, तर दूरवरून कोणीतरी तो पुसून टाकू शकते. म्हणून फ्लाइट मोड लावून किंवा सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत घालून, चार्जिंग टिकवत, तो प्रयोगशाळेपर्यंत न्यावा लागतो. फोनमधील माहितीची प्रत काढल्यावर तिची हॅश व्हॅल्यू, म्हणजे सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा, नोंदवतात. मजकुरात एखादे अक्षर जरी बदलले तरी हा आकडा पूर्ण वेगळा येतो, त्यामुळे प्रत जशीच्या तशी आहे हे न्यायालयात दाखवता येते. मात्र हॅश जुळणे म्हणजे प्रत काढल्यापासून बदल झालेला नाही, एवढेच. त्याआधी फोन कोणी हाताळला, हे ती सांगत नाही. उलटतपासणीत नेमका हाच प्रश्न येतो.

गुन्हाही आता घटनास्थळ सोडून गेला आहे. फसवणुकीचा पैसा काही मिनिटांत अनेक खात्यांतून फिरतो आणि फसवणारा, खातेदार, सर्व्हर आणि फिर्यादी चार निरनिराळ्या देशांत असतात. पोलिसांचे अधिकार मात्र हद्दीला बांधलेले असतात. सायबर गुन्ह्यांवरील २००१ चा बुडापेस्ट करार हा या अडचणीवर शोधलेला पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मार्ग होता. तरीही देशादेशांतली विनंतीपत्रे पैशाच्या वेगाने जात नाहीत. म्हणून अशा गुन्ह्यात पहिल्या तासातच रक्कम गोठवण्याची धडपड करावी लागते. आरोपीचा माग नंतर काढता येतो, पैसा हाती लागत नाही.

आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरील जोडणीच्या क्रमांकावरून, माणूस सापडतो, या समजुतीबद्दलही लिहिले पाहिजे. मोबाइल कंपन्या एकच आयपी ॲड्रेस एकाच वेळी शेकडो ग्राहकांमध्ये वाटतात. त्यातून एक ग्राहक वेगळा काढायचा तर पोर्ट क्रमांक (त्याच ॲड्रेसवरील प्रत्येक जोडणीचा वेगळा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते, आणि ती वेळ कोणत्या कालविभागातली आहे हेही स्पष्ट लिहावे लागते. सर्व्हरची नोंद बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत असते. ती स्थानिक वेळ समजून मागणीपत्र पाठवले, तर कंपनी प्रामाणिकपणे उत्तर देते, पण ते भलत्याच माणसाचे नाव असते. त्या पत्रावर अधिकृत शिक्का असतो, म्हणून पुढे कोणी शंका घेत नाही. बरोबर ग्राहक मिळाला तरी त्या घरात फोन वापरणारे चौघे असू शकतात आणि वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यालाही ठाऊक असू शकतो.

चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीबाबत माझे मत ठाम आहे. तिचे उत्तर एखाद्या खबऱ्याच्या टिपेइतकेच मानावे, त्याहून अधिक नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे दुकानातील चोरीच्या अंधूक चित्रणावरून प्रणालीने सुचवलेल्या माणसाला त्याच्या घरासमोर, मुलींच्या देखत अटक झाली आणि तो निर्दोष निघाला. या पद्धतीतला खरा सापळा पुढच्या पायरीत आहे. प्रणाली संग्रहातून सर्वांत सारखा दिसणारा चेहरा निवडते आणि मग तोच फोटो इतर फोटोंमध्ये ठेवून साक्षीदाराला ओळखायला सांगितले जाते. साक्षीदार अर्थातच सर्वांत सारखा दिसणारा चेहरा निवडतो. कागदावर दोन स्वतंत्र पुरावे दिसतात, पण दुसरा हा पहिल्याचीच पुनरावृत्ती असतो. त्या माणसाने लावलेल्या दाव्यात २०२४ साली झालेल्या तडजोडीनुसार केवळ प्रणालीच्या उत्तरावरून अशी ओळखपरेड घेण्यास तेथील पोलिसांना मनाई झाली. प्रत्येक पोलीस दलाने हा नियम स्वतःहून स्वीकारावा, असे मला वाटते.

याच्या उलट, तंत्राने दिलेले नाव कसे वापरावे याचा उत्तम नमुना २००५ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात पाहायला मिळाला. १९७४ पासून दहा खून करणाऱ्या माणसाने पोलिसांना फ्लॉपी डिस्क पाठवली. तिच्यावरील पुसलेल्या फाइलमध्ये एका चर्चचे नाव आणि ‘डेनिस’ एवढा शब्द शिल्लक होता. त्यावरून डेनिस रेडर हे नाव काही वेळातच मिळाले, तरी पोलीस लगेच अटक करायला धावले नाहीत. त्यांनी न्यायालयाच्या आदेशाने त्याच्या मुलीचा, वैद्यकीय तपासणीसाठी आधी घेतलेला नमुना मिळवला, जुन्या घटनास्थळांवरील डीएनएशी रक्ताचे नाते पडताळले आणि मगच त्याला पकडले. फाइलवरचे नाव आणि पेशींतले नाते हे दोन पुरावे एकमेकांवर अवलंबून नव्हते. त्यांचे बळ त्यातच होते.

अखेरची बाब पीडितांची आहे आणि ती मला इतर सगळ्यांहून जास्त बोचते. पूर्वी फिर्यादीचे म्हणणे ऐकून घेणे ही तपासाची सुरुवात असे. आता पुष्कळदा पहिला प्रश्न असतो, तुमचा फोन द्या. लैंगिक अत्याचाराची फिर्याद द्यायला आलेल्या स्त्रीच्या फोनमधून वर्षानुवर्षांचे संदेश, फोटो, आजारपणाच्या नोंदी असे सगळे काढता येते, आणि काढता येते म्हणून काढले जाते. त्यातील नव्याण्णव टक्के मजकुराचा गुन्ह्याशी संबंध नसतो. पण ती फोन परत मिळेपर्यंत महिने वाट पाहते आणि काही जणी तो द्यावा लागेल या धास्तीने फिर्यादच मागे घेतात. कोणत्या दिवसांचे आणि कोणाशी झालेले संभाषण हवे, हे आधी ठरवून तेवढेच घ्यावे. त्यासाठी तिच्याशी शांतपणे तासभर बोलावे लागते. तरुण अधिकाऱ्यांना यंत्र चालवायला आठवडाभरात शिकवता येते, पण समोरच्या माणसाला बोलते करायला शिकवण्यासाठी मला प्रत्येकाच्या शेजारी वर्ष-दोन वर्षे बसावे लागले आहे. प्रशिक्षणाचे तास आणि पैसा आज ज्या प्रमाणात उपकरणांकडे वळतो आहे, ते पाहता ही शिकवण पुढे कोण देणार, याची मला काळजी वाटते.